माळाच्या तुकड्याचा बहार

मोसंबीच्या फुलांचा सुगंध मंद असतो, असे ज्याने लिहिले त्याने बहारात आलेली बाग पाहिलेली नाही, असे मी खात्रीने म्हणतो. लिहिणारा माझा सख्खा पुतण्या आहे आणि तो त्या बागेच्या बांधावरच लहानाचा मोठा झाला, ही बाब माझ्या म्हणण्याला बाधा आणत नाही. ज्या वासात माणूस रोज वावरतो तो त्याला येईनासा होतो. लांब गेलेल्यालाच तो नीट आठवतो. मोसंबीचा बहार मंद नसतो. फेब्रुवारीत, ऊन अजून कोवळे असताना, तो बांधापाशीच माणसाला अडवतो, कपड्यांत शिरतो, फडक्यात बांधून नेलेल्या भाकरीला लागतो आणि दुपारपर्यंत डोके जड करून सोडतो. मधमाश्यांचा आवाज तर असा भरलेला असतो, की झाडांच्या आत कुठेतरी इंजिन चालू आहे असे वाटावे.

पुतण्याचे नाव संतोष. त्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ भगवान, यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले, म्हणून पाचोडला भगवानचा सत्कार व्हायचा आहे आणि त्या निमित्ताने एक स्मरणिका निघायची आहे. तिच्यातला मुख्य लेख संतोषने लिहिला आणि जानेवारीच्या सुरुवातीला तो मला इथे संभाजीनगरात, सिडकोतल्या घरी, आणून दिला. "मोठे बाबा, आबांवर लिहिलंय. तुमचं मराठी कोर्टातलं पक्कं हाय. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघून द्या," तो म्हणाला. आबा म्हणजे भगवान. आता सारे गाव त्याला आबा म्हणते. मी चाळीस वर्षे दिवाणी वकिली केली, त्याच बागेच्या घरात जन्मलो, त्या माणसापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे, आणि माझ्याकडून हवे काय, तर ऱ्हस्व-दीर्घ.

मी लाल पेन घेऊन बसलो. पत्नीने चहा आणून ठेवला, लेखावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "किती छान लिहिलंय हो पोरानं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या." माझ्या डोळ्यांत पाणी आले नाही. माझ्या पोटात काय आले ते मी सांगतो, कारण या वयात ते लपवण्याचे कारण उरलेले नाही. मला हेवा वाटला. साधा, उघडा, लहान मुलाला दुसऱ्याच्या ताटातला मोठा लाडू पाहून वाटतो तसा हेवा. तो मला नवा नाही. वकिली सोडली, साखर सोडली, जिने चढणे सोडले. हेवा मात्र माझ्या बरोबरीने जगत आला.

कशाकशाचा हेवा करावा? भगवान एसटीत चढला की माणसे उठून जागा देतात. माझ्यासाठीही कोर्टाच्या आवारात माणसे उठत. पण ती काळ्या कोटासाठी उठत, आणि कोट खुंटीला लागल्यापासून कोणी उठलेले मला आठवत नाही. भगवानला सातवीपुढे शिक्षण नाही, तरी पंचक्रोशीतली भांडणे तो बांधावर उभ्या उभ्या मिटवतो, आणि दोन्हीकडची माणसे त्याच्याकडेच चहा पिऊन जातात. मी चाळीस वर्षे बांधांचेच दावे लढलो. जिंकलेही पुष्कळ. पण माझ्या दाव्यातल्या दोन्ही पक्षांनी एकत्र चहा प्यायल्याचे एकही उदाहरण माझ्यापाशी नाही.

असो. लेखाकडे येतो. 'मंद' या शब्दाखाली मी रेघ मारली आणि पुढच्या परिच्छेदाशी पेन थांबले. तिथे लिहिले होते: 'त्या साली भीषण दुष्काळ पडला. विहीर आटली. माळाच्या तुकड्यातली चाळीस झाडे डोळ्यांदेखत वाळली. परंतु आबांनी खांद्यावरून पाणी वाहून उरलेली बाग जगवली.'

हे असत्य आहे. मोठा दुष्काळ पडला होता हे खरे, आणि त्यात अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आणि भगवानने खांद्यावरून पाणी वाहिले हेही खरे. मी तेव्हा औरंगाबादेत शिकत होतो. पण त्या दुष्काळात आमचे एकही झाड मेले नाही. चाळीस झाडे वाळली ती त्यानंतर दोन वर्षांनी, पाऊस चांगला झालेल्या वर्षी, विहिरीला चार परस, म्हणजे चार पुरुष खोल, पाणी असताना. दोन निरनिराळी वर्षे एकमेकांना शिवून टाकलेली आहेत. ती कोणी शिवली आणि कशासाठी, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होते. त्यांतला एक लाल पेन हातात धरून सिडकोत बसला होता.

बागेशी संबंध नसलेल्या वाचकासाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. मोसंबीचे झाड सुखात असले की फुलत नाही. पाने काढत बसते. बहार हवा असेल तर त्याला ताण द्यावा लागतो. डिसेंबर लागला की पाणी तोडायचे. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात, आणि झाडाला वाटते की आता आपले खरे नाही. नेमक्या त्या वेळी पाणी सोडायचे, तेही एकदम नाही. पहिले पाणी हलके, ओठ ओले करण्यापुरते. त्याला आंबवणी म्हणतात. मग थोडे अधिक, मग भरपूर. आणि जे झाड मरणाच्या विचारात होते ते अंगभर फुलते. सारे कसब दिवस ओळखण्यात आहे. काळ्या जमिनीतले झाड दोन महिने तग धरते, कारण काळी ओल धरून ठेवते. मुरमाच्या जमिनीतल्या झाडाची सोसण्याची शक्ती महिन्याभरात संपते. आमच्या बागेचे दोन तुकडे होते. विहिरीचा तुकडा काळा, माळाचा तुकडा मुरमाड.

झाडे वाळली त्या हिवाळ्यात मी घरी होतो, आणि का होतो तेही सांगतो, कारण संतोषच्या लेखात त्याचा उल्लेख नाही आणि गावात अजून जे बोलले जाते ते चुकीचे आहे. मी तहसीलदारकीची परीक्षा 'सोडून' आलो नव्हतो. लेखी परीक्षेत मी उत्तीर्ण झालो होतो. ती बातमी येताच अण्णांनी, मुलाखत व्हायची असताना, बाजाराच्या दिवशी पाचोडभर पेढे वाटले. लोक मला साहेब म्हणू लागले. न्हावी पैसे घेईना. मग मुलाखत झाली, यादी लागली, आणि तीत माझे नाव नव्हते. ज्याचे पेढे गावाने आधीच खाऊन टाकले आहेत, त्याला अपयशाचे तोंड घेऊन बाजारातून चालत जावे लागते तेव्हा काय होते, हे सांगून कळण्यासारखे नाही. न्हावी पुन्हा पैसे घेऊ लागला.

अण्णा कठोर माणूस. पण त्यांनी माझ्याकडे पाहिले असावे. एके सकाळी विहिरीवर भगवान इंजिन चालू करायला वाकला होता. तेव्हा डिझेलचे इंजिन होते, आणि ते सुरू करण्याचे लोखंडी हँडल ज्याच्या हाती त्याची बाग, असा आमच्या घरातला अलिखित कायदा होता. अण्णांनी भगवानच्या हातातून ते हँडल घेतले आणि माझ्या हातात दिले. "यंदा बाग हा बघंल," ते म्हणाले. हँडल अजून भगवानच्या तळहाताने गरम होते. त्याने हात धोतराला पुसले आणि तो बैलांकडे गेला. चार वर्षे त्याने ती बाग सांभाळली होती. मला त्या क्षणी त्याची दया आली नाही. मला बरे वाटले.

त्यानंतर लवकरच अण्णांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, आणि ते हिरवी पट्टी बांधून ओसरीत बसून राहिले. त्या काळी महिनाभर डोळ्याला उजेड लागू देत नसत. बाग त्यांना दिसत नव्हती. ते विचारीत, "झाडं कशी हायेत?" आणि मी सांगे, "उत्तम."

माझ्याकडे एक छापील पुस्तिका होती. तीत ताणाचे दिवस दिले होते आणि ते भारी जमिनीचे होते. खाली बारीक अक्षरांत हलक्या जमिनीविषयी काही लिहिले असेल. मी ते पाहिले नाही. मला असा बहार आणायचा होता, की पेढे खाल्लेल्या सर्व तोंडांनी तो पाहावा.

संक्रांतीच्या आधीची दुपार. भगवान माळाच्या तुकड्यातून आला. त्याच्या हातात चार पाने होती. त्याने ती माझ्यापुढे मुठीत चुरगाळली.

"दादा, कागदावानी वाजू लागलीत. माळाला आज पाणी सोड."

"अजून वीस दिवस आहेत."

"ईहिरीच्या झाडाला असत्याल. माळ म्हंजी मुरूम हाय. ही झाडं लेकरावानी असत्यात, दम निघत नाय त्यांचा."

"तुझ्या हाताखाली होती तेव्हा लेकरासारखी होती. आता जरा शिस्त लागू दे."

तो हसला नाही. मुठीतला चुरा झटकून म्हणाला, "शिस्त तुझी, झाडं आपली. निदान अर्धा तास इंजिन चालव."

चार दिवसांनी तो पुन्हा आला. तेव्हा तर मलाही दिसत होते. फांद्या शिसपेन्सिलीसारख्या दिसू लागल्या होत्या. मी विहिरीवरून त्या बाजूला पाहणेच सोडले होते. ज्या सकाळी पाणी सोडावे असे माझ्या मनाने घेतले, नेमके त्याच सकाळी तो म्हणाला, "सोड रे आता." आणि त्याने म्हटले म्हणून मी सोडले नाही. माणूस एवढ्या लहान कारणाने चाळीस झाडे मारू शकतो. पुढे कोर्टात मी पक्षकारांच्या तोंडून पुष्कळ कारणे ऐकली. ती मला कधी खोटी वाटली नाहीत, याचे मूळ तिथे आहे.

अखेर घाबरून सोडले ते पाणीही एकदम, पाट भरून सोडले. उपाशी माणसापुढे पंगत वाढावी तसे. जी झाडे कदाचित तगली असती तीही त्याने गेली.

विहिरीचा तुकडा मात्र असा फुलला, की रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाड्या थांबत. तो वास मला आजही आठवतो तो दोन भागांत. एका बाजूने फुलांचा. आणि दुसऱ्या बाजूला, माळाकडून, काहीच नाही. वाऱ्याची दिशा बदलली की मध्ये एक रिकामी जागा येई.

अण्णांची पट्टी सुटली त्या दिवशी ते काठी टेकत बागेत आले. आधी विहिरीच्या तुकड्यात उभे राहिले, फुलांवर हात फिरवला. मग माळाकडे वळले. आम्ही दोघे मागे होतो. बराच वेळ ते त्या वाळक्या खोडांकडे पाहत होते. नवे डोळे मिळाल्यावर त्यांनी सर्वांत जास्त वेळ जे पाहिले ते तेच.

"माळाचा तुकडा कुणाकडं व्हता?" त्यांनी न वळता विचारले.

बाग त्यांनी माझ्या हाती दिली होती, पण त्यांचे डोळे बांधलेले असताना आम्ही तुकडे वाटून घेतले असतील असे त्यांना वाटले असावे. भगवान म्हणाला, "माझ्याकडं. दादा ईहिरीचा बघत व्हता."

अण्णांनी त्याला मारले नाही. म्हणाले, "झाड मारणाऱ्यानं माझ्या बागंत पाय ठेवायचा नाय." वर्षभर भगवान आमच्या बागेत आला नाही. तो आडूळच्या बाजूला दुसऱ्याच्या बागेत राबायला गेला. संतोष लिहितो, 'आबांनी ज्ञानार्जनासाठी परक्यांच्या बागांत श्रम केले.' ज्ञान त्याला तिथे मिळाले असेल, मी नाकारत नाही. तो गेला मात्र माझ्यामुळे, आणि मी त्याच जूनमध्ये ट्रंक भरून वकिली शिकायला औरंगाबादला निघून आलो. निघताना अण्णांनी मला जवळ घेतले. "तू तरी नाव काढ," म्हणाले.

आता दुष्काळाची गोष्ट. अण्णा गेले, त्यानंतर वर्षश्राद्धाला आमचे मामा आले होते. जेवणे झाली, सुपारी फिरली, आणि मामांनी जुने उकरून काढले. "भगवान्या, लई झाडं वाळवली व्हती बाबा तू त्या साली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् वकील, तू बी तव्हा घरीच व्हता की. हँडल तर तुझ्याकडं व्हतं म्हणत्यात." ओसरीत आमची मुले बसली होती. माझी मुलगी माझ्या शेजारी होती. मी तोंड उघडण्यापूर्वी भगवानने सुपारी गालात सारली आणि शांतपणे म्हणाला, "दुष्काळ व्हता मामा. कुणाचा हात नव्हता त्यात."

मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. "दुष्काळ दोन वर्सं आधी नव्हता का?"

"तुमचं वय झालं मामा," भगवान म्हणाला, आणि सगळे हसले.

त्या दिवसापासून दुष्काळ होता. मुलांनी तो मोठा केला, त्याला आटलेली विहीर दिली, खांद्यावरचे पाणी जोडले. मला वाटले, भगवानने आपले नाव धुऊन घेतले. मी मनात त्याला नावेही ठेवली: एवढा साधा म्हणवतो, पण संधी साधली. त्याचे नाव धुण्याची तोपर्यंत गरजच उरलेली नव्हती, कारण तोवर त्याने माळावर पुन्हा बाग उभी केली होती, हे लक्षात यायला मला फार वर्षे लागली. दुष्काळ पाडला होता तो माझ्या मुलीसमोर, माझ्यासाठी.

हे लक्षात आल्यावर मी कृतज्ञ झालो असेन असे वाचकाला वाटेल. तसे झाले नाही. हेवा आणखी वाढला. बाग त्याची, माणसे त्याची, आणि आता मोठे मनही त्याचेच? माझ्या वाट्याला काय, तर क्षमा. तीही न मागता दिलेली, म्हणजे परत करता न येणारी. मी गावी जाणे कमी केले. दरवर्षी त्याची बायको कौसाबाई जंबेरीच्या लोणच्याची बरणी पाठवते, तीही मला झोंबू लागली. मोसंबीचे कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. वरचे कलम मेले तरी खालचा खुंट कधीकधी जगतो आणि फुटतो. मात्र त्याला मोसंबी लागत नाही, आंबट जंबेरी लागते. माळाच्या तुकड्यात मी मारलेल्या झाडांपैकी एक असे फुटले होते, आणि भगवानने ते ठेवले होते. त्याच झाडाच्या फळांचे हे लोणचे. मला ती आठवण वाटायची, दरवर्षी बरणीत भरून पाठवलेली. मी ती बरणी शेजाऱ्यांना देऊन टाकीत असे.

जानेवारीच्या मध्याला मी लेखाची पाने पिशवीत घालून मध्यवर्ती बसस्थानकावरून पाचोडची गाडी पकडली. पत्नी म्हणाली, "अहो, फोन करा की. एवढ्यासाठी कशाला जाता?" दावा लेखी मांडला तरी साक्ष समोरासमोर व्हावी लागते, असे मी तिला सांगितले. माझा निश्चय झाला होता. स्मरणिकेत दुष्काळाच्या जागी खरी हकिगत जाईल, माझ्या नावासकट.

भगवान माळाच्या तुकड्याच्या बांधावर बसला होता. झाडे तिसऱ्या लावणीची, ऐन भरातली, ताणावर होती. पाने झुकलेली, फिकी.

"या वकीलसाहेब. वाट चुकले काय?"

मी उभ्यानेच त्याला तो परिच्छेद वाचून दाखवला. "हे खोटे आहे," मी म्हणालो. "त्या साली विहिरीला चार परस पाणी होते."

"साडेचार," तो म्हणाला.

"मी हे बदलणार आहे. झाडे मी वाळवली, असे लिहिणार."

त्याने हात वर करून एक पान तोडले, बोटांत दुमडले, कानापाशी नेले. मग म्हणाला, "दादा, तुला चूक बी एकट्यालाच पायजे का रं?"

मला कळले नाही.

"हँडल तुझ्या खोलीतल्या कोनाड्यात असायचं. मला ठाव नव्हतं व्हय? तू बाजारला जायचा तव्हा दोन तास खोली रिकामी असायची. अर्ध्या तासाचं काम व्हतं. आन् अण्णा कुठं लांब व्हते? रोज त्यांच्या हातात भाकर मीच द्यायचो. 'अण्णा, झाडं चालली,' एवढं म्हणायचं व्हतं. नाय म्हणलं."

"का?"

"माझ्या हातातनं हँडल काढलं व्हतं ना. मला वाटलं, वाळू दे. पट्टी सुटली की बघत्याल अण्णा, साहेबानं काय केलं ते." त्याने हातातले पान टाकले. "तुला दोनदा सांगितलं, ते बी खरं सांगू? सांगितलं म्हंजी आपल्यावर काय नाय, म्हणून. मग अण्णा तिथं उभे राहिले, पाठमोरे. तव्हा वाटलं, ही झाडं तर मीच मारली. तू आंधळा व्हता, मी डोळस व्हतो. म्हणून म्हणलं, माझ्याकडं व्हता तुकडा. खोटं नव्हतं ते."

मी बांधावर बसलो. पहिल्यांदा मला राग आला, आणि तो चांगलाच होता. पन्नास वर्षे मी ज्याच्यापुढे मनातल्या मनात खाली मान घालून उभा होतो, तो संत नव्हताच. तोही माझ्यासारखाच जळत होता, त्याच विहिरीवर, त्याच दिवसांत. "मग हे मला आजवर का सांगितले नाहीस?" मी विचारले.

"तू कधी आला का बसायला?"

मी लेखाची पाने घडी करून पिशवीत घातली.

राग ओसरला तेव्हा त्याच्या जागी काय आले ते नेमके सांगता येणे कठीण आहे. उंचावरच्या माणसाने केलेली क्षमा मला पन्नास वर्षे पचली नव्हती. शेजारी बांधावर बसलेल्या, माझ्याइतक्याच चुकलेल्या माणसाची मात्र मला दया आली, आणि त्याच ओघात, अगदी सहज, ट्रंक घेऊन निघालेल्या त्या सत्तावीस वर्षांच्या मुलाचीही आली, ज्याच्याविषयी मी आजवर एकही चांगला शब्द उच्चारला नव्हता. अण्णांचीही आली. त्यांनी हँडल काढून घेतले ते एका मुलाच्या दुःखावर फुंकर घालावी म्हणून. दुसऱ्याला भाजेल हे त्यांना पट्टी बांधण्यापूर्वीही दिसले नाही.

"आणि ते लोणचे?" मी विचारले.

"त्याचं काय?"

"दरवर्षी मला त्या झाडाचे लोणचे का पाठवता?"

भगवानने माझ्याकडे असे पाहिले, की वकिलाने असा प्रश्न विचारावा याचे त्याला नवल वाटावे. "तुला ल्हानपणापासून आंबट लागतं ना जेवणात. कौसाला मीच सांगितलं व्हतं. का, खराब निघती का बरणी?"

"नाही," मी म्हणालो. "उत्तम असते." दुसऱ्यांदा त्या बागेविषयी मी हा शब्द खोटा वापरला, पण या वेळी शेजाऱ्यांनी ते उत्तम असल्याचे सांगितले होते.

मग तो गुडघ्यावर हात ठेवून उठला. "स्मरणिकेत दुष्काळ राहू दे. त्यानं कुणाचं काय वाईट केलं? लेकरांना आवडतो. तुला खरं लिहायचंच असंल तर तिकडं शहरात लिही. माझं बी लिही, पंचाहत्तरीला काय झाकायचं. इथं ते कुणी वाचत नाय." आणि व्हॉल्व्हकडे हात करून म्हणाला, "आज माळाचा ताण तोडायचाय. घरातल्या थोरल्यानं पयलं पाणी सोडावं अशी रीत हाय. अण्णा गेल्यापास्नं मीच थोरला झालोय. सोड."

आता इंजिन नाही, हँडल नाही. ठिबकच्या काळ्या नळ्या आहेत आणि मोटर संतोषच्या मोबाइलवरून चालू होते. मी व्हॉल्व्हवर हात ठेवला. तो घट्ट होता. माझ्या बोटांत जोर नव्हता. भगवानने आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून तो फिरवला. नळ्यांतून आधी नुसती हवा सुटली, मग पहिल्या झाडाच्या बुंध्याशी एक थेंब आला.

"किती वेळ?" मी विचारले.

"अर्धा तास," तो म्हणाला. "आंबवणी हाय. घाई करू नको."

आम्ही अर्धा तास तिथेच बसलो.

परतीच्या गाडीत मी लेखाची पाने पुन्हा काढली. दुष्काळाच्या परिच्छेदाला हात लावला नाही; विहीर आटलेलीच राहू दिली, खांद्यावरचे पाणी राहू दिले, ज्ञानार्जनही राहू दिले. ऱ्हस्व-दीर्घ तपासले. फक्त 'मंद' हा शब्द खोडून टाकला, कारण काही गोष्टींत मी अजूनही तडजोड करणार नाही.

काल संतोष कामासाठी शहरात आला होता. जाताना ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन डहाळ्या आणि लोणच्याची बरणी देऊन गेला. "आबा म्हणले, माळ यंदा ईहिरीच्या तुकड्याला भारी पडलाय," त्याने निरोप सांगितला. हे ऐकून मला जो आनंद झाला तो निखळ नव्हता. विहिरीचा तुकडा यंदा भगवानच्या पाण्यावर फुलला होता आणि माळाचा माझ्या. पंचाहत्तरी त्याची असो, यंदाचा माळ माझा. बरणी मी शेजारी दिली नाही. रात्रीच्या जेवणाला उघडली.

डहाळ्या पाण्याच्या तांब्यात घालून मी टेबलावर ठेवल्या. थोड्या वेळाने पत्नीने येऊन खिडक्या उघडल्या. "अहो, काय उग्र वास हा. डोकं धरलं माझं," ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहिले. मग मुलीचा फोन आला आणि ती तिला सांगू लागली, "आबांच्या बागेतली फुलं आलीत गं, घरभर वास सुटलाय."

"माळाच्या तुकड्यातली," मी आतून म्हणालो. "तिला नीट सांग."